हायवेवर पिकअप झटके देते? आधी ओळखा, मग खर्च करा



खलघाट, धामनोदकडून माल भरून इंदूर-देवासला जाणाऱ्या आपल्या बऱ्याच पिकअप आता जुन्या झाल्यात. गावात गाडी गुपचूप चालते, आणि हायवेला साठ-सत्तरच्या वर गेली की मधूनच झटका देते. गणेश घाटात भरल्या गाडीने असं झालं तर मागून ट्रक येत असतो, बर्फही वितळतो. म्हणून हा विषय.

मिस्त्रीकडे गाडी नेली की तिथे ती नेमकी बरी चालते. मग अंदाजाने पंप, इंजेक्टर उघडले जातात आणि पैसे जातात. त्याआधी झटका कोणत्या जातीचा आहे, ते आपण बघायचं.

१) चढावर, लोड घेताना गाडी अडखळते:
डिझेल कमी पडतंय. बोटीच्या इंजिनाचं जे दुखणं, तेच इथे. फिल्टरच्या तळाचं डिझेल काचेच्या बरणीत काढून थोडा वेळ ठेवा. पाणी असेल तर खाली बसतं. ड्रममधलं डिझेल भरणाऱ्यांनी हे नक्की बघावं. झटके सुरू झाले की गाडी बाजूला घेऊन टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि नंतर गाडी नीट पळाली, तर टाकीची हवा जायची वाट बंद आहे. टाकीकडून येणारा पाइप कुठे सैल किंवा चिरलेला असेल तर तिथून हवा ओढली जाते. फिल्टर बदलल्यावर हाताच्या पंपाने हवा काढायला विसरू नका.

२) चावी बंद करून लगेच चालू केल्यासारखा झटका:
त्याच क्षणी मीटरचा काटा पडतो किंवा डॅशबोर्डचा दिवा लुकलुकतो. हा वायरिंगचा दोष. आपल्या गाड्यांत हा जास्त सापडतो, कारण बर्फाचं पाणी क्रेटमधून गळून खाली चेसिसवर जातं आणि अर्थिंगचे जोड गंजतात. बॅटरीचे टर्मिनल, अर्थची वायर आणि पंपाचे कनेक्टर साफ करून घट्ट करा. इंजिन स्लोवर ठेवून एकेक वायर हलवून बघा, पण पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवा.

३) ठरावीक स्पीडला थरथर, ॲक्सिलरेटर सोडताना-दाबताना "ठक्क":
इंजिन नाही, खालचा शाफ्ट बघा. गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करा, चाकांना दगड लावा आणि शाफ्ट हाताने हलवा. क्रॉसमध्ये खेळ असेल किंवा टोपीभोवती लाल भुकटी दिसत असेल तर क्रॉस गेला. सेंटर बेअरिंग आणि इंजिन माउंटिंगही बघून घ्या. यात चालढकल नको. शाफ्ट तुटून रस्त्यात टेकला तर गाडी उलटू शकते.

गाडीत एक वही ठेवा. झटका कधी आला, स्पीड किती होता, चढ होता की सपाट, टाकी किती भरलेली, गाडी भरलेली की रिकामी, हे लिहा. चालवताना नाही, थांबल्यावर. चार नोंदी झाल्या की मिस्त्रीला वही दाखवा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नक्की कशाने बरं झालं ते कळतच नाही.

झटके सुरू असताना घाटात भरली गाडी घालू नका. आणि उतारावर न्यूट्रल कधीच नको. माल दुसऱ्या गाडीत टाकता येतो.