ग्रिनेल की कार्लटन?

तिरुवैयारूचे एक मराठी वाचक विचारतात: मुलीला डॉक्टर व्हायचे आहे. आयोवातल्या ग्रिनेल आणि मिनेसोटातल्या कार्लटन, दोन्ही कॉलेजांत प्रवेश मिळतो आहे. कुठे पाठवावे?

जवळच्याच तंजावरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात ‘नीट’मधून प्रवेश मिळाला, तर बारावीनंतर साडेपाच वर्षांत एमबीबीएस होते. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मेडिकल प्रवेशाची एमकॅट परीक्षा, मग चार वर्षांची एमडी. ‘प्रीमेड’ ही वेगळी पदवी नव्हे. कोणताही मुख्य विषय घेऊन जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र प्रयोगशाळेसह पुरे करायचे असतात. ही तयारी दोन्हीकडे चांगली होते.

खरी अडचण पुढे आहे. अमेरिकेतली बहुतेक मेडिकल कॉलेजे परदेशी विद्यार्थ्यांचे अर्जच घेत नाहीत. जी घेतात, त्यातली काही चारही वर्षांचा खर्च आधीच बाजूला ठेवायला सांगतात. म्हणून ग्रिनेल आणि कार्लटन, दोघांनाही लेखी विचारावे: गेल्या पाच वर्षांत तुमचे किती परदेशी नागरिक एमडीला लागले? मेडिकल प्रवेशासाठीचे शिफारसपत्र सर्वांना देता, की निवडक विद्यार्थ्यांनाच?

कार्लटनची सत्रे दहा आठवड्यांची; त्यात सेंद्रिय रसायन फार वेगाने सरते. रोचेस्टरचे मेयो क्लिनिक हे नामांकित रुग्णालय मात्र तिथून जवळ. ग्रिनेलमध्ये सत्रे लांब आणि विषयांची मोकळीक मोठी. संगीतकार त्यागराजांच्या तिरुवैयारूतली मुलगी तिथे रसायनासोबत संगीतही शिकू शकेल.

आर्थिक मदत सारखीच असेल, तर ग्रिनेल निवडावे. ती कमी-जास्त असेल, तर जिथे कर्ज कमी तिथेच जावे, कारण एमडीचा खर्च अजून पुढे उभा आहे.