नाताळची करंजी

हिवाळी सुट्टीत मी दिल्लीला, सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो. डिसेंबरात तिथल्या बाजारात लाल टोप्या आणि कागदी चांदण्यांचे ढीग लागतात. ते पाहून मी जगभरातल्या नाताळच्या अनोख्या प्रथांवर लिहायचे ठरवले.

जपानमध्ये ख्रिस्ती लोक फार थोडे आहेत. तरीही १९७४ मध्ये केंटकी फ्राइड चिकनने केलेल्या जाहिरातीनंतर तिथे नाताळला तळलेले चिकन खाण्याची रीतच पडली. लोक कितीतरी दिवस आधी नंबर लावून ठेवतात. युक्रेनमध्ये नाताळच्या झाडावर शोभेची कोळ्याची जाळी लावतात. एका गरीब विधवेच्या झाडावरची जाळी सकाळच्या उन्हात सोन्या-चांदीची झाली, अशी त्यामागे लोककथा आहे. इथिओपियात नाताळ ७ जानेवारीला येतो आणि त्या वेळी हॉकीसारखा ‘गेन्ना’ नावाचा खेळ रंगतो.

दोन गोष्टी खास आपल्यासाठी, म्हणजे फौजेतल्या. सांताक्लॉजची गाडी कुठवर पोहोचली, हे मुलांना कळवण्याचा उपक्रम अमेरिकेच्या हवाई संरक्षण विभागाने १९५५ मध्ये सुरू केला. आज तो अमेरिका आणि कॅनडाचा संयुक्त विभाग ‘नोराड’ चालवतो. दुसरी गोष्ट पहिल्या महायुद्धातली. १९१४ च्या नाताळात पश्चिम आघाडीवर काही ठिकाणी सैनिकांनी आपणहून गोळीबार थांबवला आणि खंदकांतून बाहेर येऊन शत्रूशी हात मिळवले. त्यांत आपल्या गढवाल रायफल्सचे जवानही होते.

ही यादी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, “छान आहे रे, पण यात आपल्याकडचं काय?”

मला एकदम एक डबा आठवला. गेल्या वर्षी सुट्टीनंतर वसईच्या माझ्या वर्गमित्राने वसतिगृहात घरचा डबा उघडला. आत करंज्या होत्या. मी मोठ्याने हसलो, “नाताळला करंजी? दिवाळी चोरली की काय?” सगळे हसले. त्याने काही न बोलता झाकण लावले. त्या डब्यातली करंजी कोणीच खाल्ली नाही.

आईच्या प्रश्नानंतर मी वाचायला बसलो. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. ‘नाताळ’ हा आपला शब्दही पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला, मुळात त्याचा अर्थ जन्म. तिथल्या अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण जमीन तीच, नारळ तोच आणि बोलीही तीच राहिली. मग सणाला करंजी होणार नाही तर काय होणार? गोव्यातही नाताळला नेवऱ्या करतात. ती आपली करंजीच. मूळ इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांनी ‘क्रिस्तपुराण’ लिहिले तेही आपल्या संतांसारखे ओवीतच. ते १६१६ मध्ये छापले गेले.

म्हणजे करंजी कोणी चोरली नव्हती. ती वसईच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. जपानचे चिकन मला ‘मजेशीर’ वाटले आणि शेजारच्या खाटेवरची करंजी ‘चुकीची’! जगाची माहिती जमवणे सोपे आहे. पण आपल्याच बराकीतल्या मित्राला त्याचा सण कसा असतो, हे विचारायला मला एक वर्ष लागले.

सरोजिनी नगरच्या बाजारात दीडशे रुपये सांगितलेली चांदणी मी घासाघीस करून ऐंशीला घेतली. ती त्याच्या कपाटाला लावायची आहे. आधी माफी मागेन, मग डबा पुढे कर म्हणेन. या वेळी पहिली करंजी मी खाणार.