कामगार नुकसानभरपाई आणि वकिलाचे शुल्क

भंडारा हा धानाचा जिल्हा. पवनी तालुक्यातील अड्याळसारख्या गावांचे जीवन शेतीभोवती फिरते; तरी हंगाम सरल्यावर अनेकांना राईस मिल, बांधकाम वा वीटभट्टीवर काम शोधावे लागते. तेथे अपघात घडला, तर कुटुंबापुढे भरपाईचा प्रश्न उभा राहतो आणि पाठोपाठ वकिलाच्या शुल्काचा. या खर्चाच्या धास्तीने हक्काचा दावा बुडू नये, यासाठी कायद्याची माहिती गावापर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.

शुल्काचा भार किती?

समजा, दरमहा १२,००० रुपये मिळविणारा, चाळीस वर्षे वयाचा हमाल कामावरील अपघातात मरण पावला. निम्म्या वेतनास, म्हणजे ६,००० रुपयांस, त्या वयाच्या १८४.१७ या गुणांकाने गुणले असता भरपाई ११,०५,०२० रुपये होते. यातील पाचवा हिस्सा वकिलास देण्याचे तोंडी ठरले असेल, तर २,२१,००४ रुपये, म्हणजे मृताचा दीड वर्षाचा पगार, त्याच्या मुलाबाळांच्या हातून जातो.

हिश्श्याचा करार अयोग्य

केलेल्या कामाबद्दल ठरावीक शुल्क घेण्याचा वकिलास अधिकार आहे. मात्र दाव्याच्या निकालावर अवलंबून शुल्क ठरविणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा मागणे, यास भारतीय वकील परिषदेच्या नियमांनी मनाई केली आहे. वसुलीच्या निम्म्या रकमेचा असा करार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला. म्हणून शुल्क आधी लेखी ठरवावे व दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.

विनामूल्य साहाय्य

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती विनामूल्य विधी साहाय्यास पात्र आहेत. त्यांना उत्पन्नाची मर्यादा नाही. मृत कामगाराची विधवा स्त्री म्हणूनच पात्र ठरते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वा तालुका समितीकडे अर्ज करता येतो; १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. शिवाय प्रत्येक वेळी वकीलच हवा असे नाही. लेखी अधिकारपत्र दिल्यास नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही कामगाराच्या वतीने उपस्थित राहू शकतो.

मुदत व कार्यपद्धती

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर न वाटता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावयाची असते. ती वारसांपर्यंत सुरक्षित पोहोचावी हाच हेतू. विलंब झाल्यास व्याज, आणि विलंबास सबळ कारण नसल्यास भरपाईच्या निम्म्यापर्यंत जादा रक्कमही मालकावर बसू शकते. कामगार राज्य विमा योजनेत विमाकृत असल्यास लाभ त्या योजनेतून मागावा लागतो.

गावाने काय करावे?

अपघातानंतरचे पहिले काही दिवस मोलाचे असतात. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वैद्यकीय कागद, वेतनाचा पुरावा आणि सोबतच्या मजुरांची नावे तेव्हाच गोळा करावीत. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा देऊ नये. ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्यांनी दुःखात असलेल्या कुटुंबास एवढे समजावून सांगितले आणि विधी साहाय्याचा अर्ज भरून दिला, तरी भरपाईचा पैसा ज्याच्यासाठी आहे त्याच्याच घरी पोहोचेल.