न दिसणाऱ्या माणसाला शिकवताना

तू पॉडकास्ट सुरू करणार आहेस, असं तुझी आई परवा म्हणाली. तुझा निरोपही मिळाला, ‘मावशी, माइक कुठला घेऊ?’ माइकचं सांगते, पण आधी बाकीचं ऐक. माइक बदलता येतो. तोंडातून गेलेलं आणि कुणीतरी त्याप्रमाणे केलेलं मागे घेता येत नाही.

मी 2020 साली बोलायला लागले. मार्चमध्ये माझे योगाचे वर्ग बंद पडले, सतरंज्या गुंडाळून कोपऱ्यात गेल्या, आणि रोज भेटणारी माणसं एकाएकी दिसेनाशी झाली. त्यांच्यासाठी म्हणून सुरुवात केली. पहिले काही भाग मी वर्गात बोलते तसंच बोलले आणि ते सगळे फसले. का फसले, हे कळायला मला बरेच महिने लागले. वर्गात आपण तोंडाने जेवढं शिकवतो त्याहून जास्त डोळ्यांनी शिकवतो गं. त्रिकोणासनात कुणाचा श्वास अडकलाय, कुणाचा गुडघा मागे ताणला गेलाय, कुणाचा चेहरा पांढरा पडतोय, हे त्या माणसाच्या आधी आपल्याला दिसतं. आपण दोन पावलं जातो, पाठीला हात लावतो, काम होतं. माइकसमोर हे सगळं संपलं. तुझा आवाज जाईल तिथे तुझे डोळे जाणार नाहीत. मला जे काही कळलं ते या एकाच गोष्टीतून कळलं.

पहिला धक्का शब्दांचा बसला. माझाच एक भाग मी कागद-पेन घेऊन ऐकला. ‘हात असा घ्या’, ‘इथून वळा’, ‘एवढंच उचला’. असा म्हणजे कसा? इथून म्हणजे कुठून? वर्गात या शब्दांबरोबर माझा हात फिरत होता, म्हणून ते चालून गेले. जिथे ‘असा’ नव्हता तिथे इंग्रजी होतं, ‘पेल्विस न्यूट्रल ठेवा’ वगैरे. मग मी माझी आजी अंग चोळून देताना कुठले शब्द वापरायची ते आठवून लिहायला बसले. चवडा, घोटा, नडगी, पोटरी, खुबा, ओटीपोट, कूस, बरगड्या, दंड, माकडहाड. एवढं नेमकं शरीर आपल्या भाषेत पडून होतं आणि मी इतकी वर्षं हात हलवून वेळ मारून नेत होते. आता ताडासन सांगताना मी म्हणते, ‘चवड्यांवर आणि टाचांवर सारखा भार द्या, माकडहाड जमिनीकडे सोडा, ओटीपोट हलकंच आत घ्या.’ पुन्हा वर्ग सुरू झाल्यावर हेच शब्द तिथेही वापरले. वर्षानुवर्षं पोक काढून उभ्या राहणाऱ्या एक बाई पहिल्यांदा सरळ उभ्या राहिल्या, माझा हात न लागता.

तेव्हा तुझी पहिली परीक्षा ही. सूचना लिहून काढ, आईला पाठमोरी उभी कर आणि फक्त वाचून दाखव. ती जिथे थबकेल तिथे तुझं वाक्य चुकलंय. तिला समजावून सांगू नकोस, वाक्य बदल. आणि उजव्या-डाव्याकडे लक्ष ठेव. वर्गात समोर उभं राहून आपण ‘उजवा हात’ म्हणत स्वतःचा डावा उचलतो, आरशासारखा. ती सवय जिभेवर चढलेली असते आणि ऐकणाऱ्याला गोंधळात टाकते.

आता जे सांगते ते मनावर घे. एका भागात मी कपालभाती शिकवली. आवर्तनं मोजून, उत्साहाने, ‘अजून थोडी, अजून थोडी’ करत. दहाएक दिवसांनी एका ताईंचा निरोप आला. त्यांना रक्तदाब होता, गोळ्या चालू होत्या. ऐकत ऐकत केलं, चक्कर आली, ओट्याला धरून खाली बसल्या. त्या रागावल्या नव्हत्या. ‘माझंच काहीतरी चुकलं असेल’ असं लिहिलं होतं त्यांनी, आणि तेच मला जास्त लागलं. चूक माझी होती. अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, गरोदरपण, पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांत कपालभाती करायची नाही हे मी वर्गात पहिल्या दिवशी विचारून घेते. इथे विचारलंच नव्हतं. मी तो भाग काढून टाकला आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीलाच काय चुकलं ते स्पष्ट सांगितलं. त्यानंतर कपालभाती, भस्त्रिका, कुंभक आणि उलटी आसनं मी फक्त आवाजावर कधीच शिकवली नाहीत. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो, हे मोजून पाहिलेलं आहे. ऐकणाऱ्याला काचबिंदू आहे की नाही, हे मला कानातल्या बोंडांतून कसं कळणार? या विषयांवर बोल, इतिहास सांग, अनुभव सांग. करून घेऊ नकोस. करून घ्यायचंच तर बसल्या जागचा साधा श्वास, मान-खांदे मोकळे करणं, भ्रामरी, एवढं पुरे आहे. आणि योगनिद्रेच्या आधी दर वेळी, अगदी दर वेळी म्हणायचं, गाडी चालवत असाल तर हे आत्ता बंद करा.

एक गोष्ट तर मला फार उशिरा कळली. लोक पॉडकास्ट दीडपट वेगाने ऐकतात. तू चार सेकंदांत पूरक मोजलास, तर त्यांच्या कानात तो पावणेतीन सेकंदांच्या आतच संपतो. म्हणजे मी शांतपणे सांगितलेला प्राणायाम कुणीतरी धापा टाकत करत होतं! तेव्हापासून मी आकडे मोजणं सोडलं. ‘तुमचा श्वास आपणहून जिथे संपतो तिथपर्यंत’ असं म्हणते. वेग कितीही वाढवला तरी हे वाक्य चुकत नाही.

पाहुण्यांशी बोलण्याचं सांगायला हवं, कारण तिथे मी सगळ्यात जास्त गमावलं. शवासनात मी दहा मिनिटं खोलीभर शांतता ठेवू शकते, पण माइक लागला की तीन सेकंदांची शांतता मला सोसवेना. एका फार वयोवृद्ध शिक्षकांना मी विचारलं, ‘तुमच्या गुरूंचं शेवटचं आठवणारं काय?’ ते थांबले. त्यांचा श्वास मला हेडफोनमध्ये स्पष्ट ऐकू येत होता. आणि मी काय केलं, तर ‘म्हणजे एखादा प्रसंग वगैरे’ असं म्हणून मध्ये पडले. त्यांनी एक ठरावीक प्रसंग सांगितला. जे ते आठवत होते, ते मनातच राहिलं. पुढच्या वर्षी ते गेले. त्या थांबलेल्या दोन-तीन सेकंदांचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. ते मी अजून ऐकते.

म्हणून प्रश्न विचारलास की स्वतःचा एक पूर्ण उच्छ्वास होऊ दे, हळू, नाकाने. तो संपेपर्यंत ओठ मिटलेले. बहुतेक वेळा त्या उच्छ्वासाच्या शेवटी खरं उत्तर येतं. आणि संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शांतता आपोआप कापणारी सोय असते, ती वापरू नकोस. खोकला काढ, ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ काढ, पण माणूस विचार करत असतो ती जागा ठेव.

माहिती देताना फार जपायचं. आपल्या क्षेत्रात ‘हजारो वर्षांपूर्वी’ आणि ‘विज्ञानाने सिद्ध झालंय’ ही दोन वाक्यं मीठ भुरभुरावं तशी टाकतात. मी लोणावळ्याला शिकले. तिथे कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली संस्थेबरोबरच ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं, ते कशासाठी? नौली आणि उड्डियान करताना पोटात दाब किती कमी होतो, हे त्यांना क्ष-किरण आणि दाबमापक लावून बघायचं होतं, आणि जे दिसलं ते छापायचं होतं. श्रद्धा होती म्हणूनच मोजलं त्यांनी. आपल्याकडे सांगण्यासारखं खरं इतकं आहे. 1918 साली योगेंद्रजींनी वर्सोव्याला घरसंसारातल्या माणसांसाठी योग आणला, 1937 मध्ये अय्यंगार गुरुजी पुण्यात आले आणि इथलेच झाले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. यातल्या एकेकावर एकेक भाग होईल. परंपरेत सांगतात ते ‘असं सांगतात’ म्हणून सांग, मोजलेलं आहे ते ‘मोजलं आहे’ म्हणून सांग, आणि स्वतःला जाणवलं ते ‘मला जाणवलं’ म्हणून. तीन वेगळी वाक्यं आहेत ही. ऐकणारे फरक ओळखतात.

जाहिराती येतील. वजन उतरवायच्या पावडरी पहिल्या येतात. नाही म्हण. किती जणांनी ऐकलं, तो आकडा महिन्यातून एकदा बघ, रोज नको.

आता माइक. फ्लॅटमध्ये राहतेस, तर डायनॅमिक घे. कंडेन्सर शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याही टिपतो. तोंडापासून साधारण चार बोटं ते एक वीत अंतर ठेव, आणि माइक नाकासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याशी थोडा तिरका ठेव. आपले शब्द बघ ना, प्राण, पूरक, भस्त्रिका, भुजंगासन, भ्रामरी. प, फ, ब, भ सरळ माइकवर आदळले की धप्पकन आवाज येतो. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बस, टेबलावर गोधडी अंथर, म्हणजे आवाज घुमत नाही. मांडी घालून बसू नकोस, अर्ध्या तासात कंबर खचते आणि ते आवाजात उतरतं. साधी खुर्ची, तळवे जमिनीवर, बरगड्या मोकळ्या. आधी पाच-सहा भ्रामरी कर, कोमट पाणी पी. तीन बॅचेस घेतल्यावर संध्याकाळी ध्वनिमुद्रण करायचं नाही, घसा बसलेला असतो. शेवटी एक मिनिट काही न बोलता रिकाम्या खोलीचा आवाज घेऊन ठेव, जोड देताना तोच लागतो.

पहाट बरी. साडेपाचच्या आत, सोसायटीची पाण्याची मोटर लागायच्या आधी. शनिवारी मीच येते, आजीची जाड गोधडी घेऊन. पंखा बंद, फोन विमान मोडवर, फ्रीज बंद. आणि फ्रीज बंद केलास की स्कूटरची किल्ली त्यात ठेव, म्हणजे वर्गाला निघताना तो पुन्हा चालू करायचा राहणार नाही.