ग्रानादाचे प्रॅक्टिकल : चढ, उतार आणि तापास

प्रवासवर्णन लिहा म्हटलं की सगळे सूर्यास्तापासून सुरुवात करतात. मला ते जमत नाही. मला जमतं ते जर्नल लिहायला, म्हणून हा लेख जर्नलसारखाच लिहिते आहे. ‘एम, अ‍ॅपरेटस, प्रोसीजर’ला मराठीत काय म्हणतात हे मला माझ्या रूममेटने सांगितलं. ती मराठी माध्यमाची, मी कॉन्व्हेंटची. तिचा उल्लेख पुढे परत येणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

उद्दिष्ट

दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादा या जुन्या शहरात (अ) शक्यतो न हरवता फिरणे, (आ) हरवल्यास सापडणे आणि (इ) विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल असे पोटभर खाणे.

एका प्रोजेक्टच्या निमित्ताने मी तिथे सहा आठवडे राहिले. आपल्यापैकी कोणी ना कोणी एक्स्चेंजला किंवा इंटर्नशिपला स्पेनला जाणारच. त्यांना उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

साहित्य

जाड तळव्याचे बूट (हे सगळ्यात महत्त्वाचं), पाण्याची बाटली, कागदी नकाशा, सुटे युरो, पासपोर्ट आणि स्पॅनिशचे वीसेक शब्द. इंग्रजी सोबत असू द्या, पण तिच्यावर विसंबू नका.

थोडी पार्श्वभूमी

‘ग्रानादा’ म्हणजे स्पॅनिशमध्ये डाळिंब. शहराचं चिन्हही तेच. रस्त्याकडेच्या लोखंडी खुंटांवरसुद्धा डाळिंबं दिसतात. तेराव्या शतकात, १२३८ साली, इथे नासरी घराण्याचं मुस्लिम राज्य सुरू झालं आणि ते अडीचशे वर्षं टिकलं. २ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान बोआब्दिल याने शहर राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदो यांच्या हवाली केलं. दोघांच्या कबरी कॅथीड्रलला लागून असलेल्या ‘कापिया रेआल’मध्ये आहेत. त्याच वर्षी १७ एप्रिलला जवळच्या सांता फे गावात कोलंबसशी करार झाला. तो निघाला होता आपल्याकडे यायला, पोचला भलतीकडेच. म्हणजे हरवण्याची या भागाला जुनी परंपरा आहे!

इथली विद्यापीठाची स्थापना १५३१ची. देशोदेशीची मुलं शिकायला येतात, त्यामुळे स्वस्त खाणं ही गावाची गरजच आहे.

कृती पहिली : शहर डोक्यात बसवणे

दोन टेकड्या आणि मधे एक नदी, एवढं डोक्यात पक्कं करा. नदीचं नाव दारो. नदी म्हणायची म्हणून, ओढ्याएवढीच आहे. तिच्या एका बाजूच्या टेकडीवर अलहंब्राचा किल्ला आणि महाल. स्पॅनिशमध्ये ‘ह’ मुका असतो, म्हणून तिथले लोक ‘आलांब्रा’ म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘लाल’. समोरच्या टेकडीवर आल्बाइसिन ही जुनी वस्ती. अलहंब्रा १९८४ साली युनेस्कोच्या यादीत गेला, आल्बाइसिन १९९४ साली.

नदी प्लासा नुएवा या चौकापर्यंत दिसते आणि मग चक्क गायब होते. एकोणिसाव्या शतकात तिच्यावर कमानी बांधून रस्ता केला. आपण रेयेस कातोलिकोस या रस्त्यावरून चालतो तेव्हा खालून दारो वाहत असते. सिव्हिलच्या मंडळींनी हे जरूर बघावं. प्लासा नुएवा हाच आपला ‘ओरिजिन’, म्हणजे शून्य-शून्य. सगळी मापं तिथून घ्यायची.

आता आल्बाइसिन. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर काही ठिकाणी दोन्ही भिंतींना लागतात. उन्हाळ्यात सावली मिळावी म्हणून हे बरं, पण फोन तिथे वेडा होतो. उपग्रहाचे सिग्नल भिंतींवर आपटून मग फोनकडे येतात, आणि निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. पहिल्या आठवड्यात मी त्या ठिपक्यामागे पाऊण तास फिरले आणि जिथून निघाले तिथेच आले.

मग एक नियम सापडला : उतार धरा. आल्बाइसिनच्या दक्षिणेच्या उतारावरून खाली आलात की दारो लागते, पश्चिमेच्या उतारावरून आलात की एल्विरा रस्ता. दोन्ही तुम्हाला प्लासा नुएवाला आणून सोडतात. पाणी जसं वाट विचारत नाही, तसं आपणही विचारायचं नाही. शिवाय मधूनच एखाद्या फटीतून समोर अलहंब्रा दिसला तर ती दक्षिण समजायची.

पाट्यांवरचे चार शब्द पाठ करा. ‘काये’ म्हणजे रस्ता. ‘प्लासेता’ म्हणजे छोटा चौक. ‘मिरादोर’ म्हणजे जिथून दृश्य दिसतं ती जागा. आणि ‘कुएस्ता’ म्हणजे चढ. नकाशावर ‘कुएस्ता’ दिसला की पाणी पिऊन घ्या. ‘कुएस्ता दे गोमेरेस’ प्लासा नुएवावरून अलहंब्राच्या झाडीत चढतो, ‘कुएस्ता देल चापीस’ नदीकाठाहून आल्बाइसिनला. पाय बोलायला लागले तर छोट्या बस आहेत. सी ३० अलहंब्राला जाते, सी ३१ आल्बाइसिनला. त्या गल्ल्यांतून ते ड्रायव्हर कसे वळवतात हे बघण्यासाठी तरी एकदा बसा!

नदीकाठच्या एका रस्त्याचं नाव आहे ‘पासेओ दे लोस त्रिस्तेस’, दुःखी लोकांची वाट. टेकडीवरच्या स्मशानाकडे अंत्ययात्रा इथून जायच्या, म्हणून ते नाव. आज तिथे खुर्च्या-टेबलं मांडून लोक हसत-बोलत बसलेले असतात.

अलहंब्राचं तिकीट बरेच दिवस आधी काढा. तिकिटावर नासरी महालांत शिरायची वेळ छापलेली असते आणि ती चुकवली तर आत सोडत नाहीत. पासपोर्ट जवळ लागतोच. आपल्या ब्रँचसाठी खरी गंमत मात्र पाण्याची आहे. एवढ्या उंचावर कारंजी कशी? तर दारो नदीवर सुमारे सहा किलोमीटर वर बांध घालून ‘आसेकिया रेआल’ नावाचा पाट काढला आणि उताराचा हिशोब जपत पाणी टेकडीवर आणलं. पंप नाही, वीज नाही. आमच्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या सरांची तिथे फार आठवण आली.

कृती दुसरी : तापास

‘तापार’ म्हणजे झाकणे, ‘तापा’ म्हणजे झाकण. पेल्यात माशी पडू नये म्हणून वर पावाचा तुकडा ठेवत, त्यातून हे नाव आलं असं सांगतात. राजांच्या गोष्टीही बऱ्याच सांगतात. खरंखोटं ते जाणोत. आज तापा म्हणजे पेयाबरोबर येणारी छोटी बशी. सेवियासारख्या शहरात तिचे वेगळे पैसे पडतात. ग्रानादात मात्र जुनी पद्धत टिकून आहे : पेय घेतलं की बशी फुकट.

रेक्टर मॅडम हे वाचत असतील, म्हणून लगेच सांगते : पेय म्हणजे दारूच असं मुळीच नाही. ‘मोस्तो’ म्हणून द्राक्षांचा न आंबवलेला रस मिळतो, त्याच्याबरोबरही बशी येते. कोल्ड्रिंकबरोबरही बहुतेक ठिकाणी येते. नुसत्या पाण्यावर किंवा कॉफीवर नाही. एका पेयाला साधारण अडीच-तीन युरो धरा. दोन ठिकाणी दोन मोस्तो घेतले की माझं रात्रीचं जेवण व्हायचं.

पायऱ्या अशा :

१. वेळ सांभाळा. दुपारचं जेवण दीड ते चार, रात्रीचं साडेआठनंतर. मधल्या वेळात बरीच स्वयंपाकघरं बंद असतात. आपल्या मेसच्या वेळा तिथे उपयोगाच्या नाहीत.

२. गल्ली निवडा. नगरपालिकेच्या मागची नावास गल्ली प्रसिद्ध आहे, पण गर्दी फार. एल्विरा रस्ता स्वस्त. रेआलेखो भागातला काम्पो देल प्रिन्सिपे आणि आल्बाइसिनमधला सान मिगेल बाखोचा चौक, इथे घरची माणसंही दिसतात. मुलांची खरी वस्ती पेद्रो आंतोनियो दे आलार्कोन रस्त्यावर.

३. बार ओळखा. दाराशी उभा राहून हाका मारणारा माणूस आणि पदार्थांचे रंगीत फोटो दिसले की पुढे चला. आजोबांपासून नातवापर्यंत सगळे उभ्याउभ्या खात असतील आणि फळ्यावर खडूने लिहिलेलं असेल, तर आत शिरा.

४. काउंटरपाशी उभे राहा. त्याला ‘बारा’ म्हणतात. बाहेरच्या टेबलाचे काही ठिकाणी जास्त पैसे लागतात.

५. पेय मागा आणि थांबा. तापा मागायचा नसतो, तो येतो. काय येणार हे बहुधा बारवाला ठरवतो. दुसऱ्या पेयाला दुसरा पदार्थ येतो. पैसे शेवटी, ‘ला कुएन्ता, पोर फाव्होर’ म्हणून.

शाकाहारी मंडळींनो, तुमचं काम जरा अवघड. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांस नको, पण तेवढ्यावर थांबू नका. ‘हामोन’ (डुकराचं खारवलेलं मांस) आणि टूना मासा यांना बरेच जण ‘कार्ने’ धरतच नाहीत. म्हणून ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’ असं तिन्ही म्हणा. आणि साक्रोमोन्तेचं ऑम्लेट समोर आलं तर आधी विचारा, त्यात मेंदू असतो!

निरीक्षणे

बरेच शब्द ओळखीचे निघतात. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणलेले पाव आणि बटाटा तिथे ‘पान’ आणि ‘पाताता’ म्हणून भेटतात. आपलं मेज म्हणजे त्यांचं ‘मेसा’. उलट ‘नारान्हा’ हे आपलंच नारिंग आहे, फारसी-अरबीतून तिकडे गेलेलं. ‘आसुकार’ म्हणजे आपली साखर. ‘बेरेन्हेना’ म्हणजे वांगं. तळलेल्या वांग्याच्या कापांवर उसाचा ‘मध’ घालून देतात. मी चाखला आणि हसायलाच आलं. ती आपली काकवी होती! ग्रानादाच्या समुद्रकिनाऱ्यावर ऊस पिकायचा, तिथला शेवटचा साखर कारखाना २००६ साली बंद झाला. ‘पापास आ लो पोब्रे’ म्हणजे गरिबाचे बटाटे : बटाटा, ढोबळी मिरची, कांदा. आपल्या मेसच्या मावशी याहून चांगले करतात, हे मी लेखी देते.

दक्षता (खरं तर माझ्या चुका)

पहिल्या संध्याकाळी सहा वाजता मला कडकडून भूक लागली. बाहेर मांडलेल्या एका टेबलावर बसले आणि मेनूकार्डातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. मला वाटलं तापा येईल. आलं मोठं ताट आणि मग चौदा युरोचं बिल. ती ‘रासियोन’ होती, म्हणजे पूर्ण प्लेट. अर्धी असते ती ‘मेदिया रासियोन’. मी वेटरला इंग्रजीत समजावत होते, तो स्पॅनिशमध्ये. शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. मला नाही, कदाचित आपसात. पण मला वाटलं मलाच.

त्यानंतर दोन दिवस मी सुपरमार्केटमधला पाव खाऊन काढले. येत होतं ते बोलायची लाज, येत नव्हतं ते विचारायची भीती. खोलीत बसून पाव चावताना मला माझी रूममेट आठवली. फर्स्ट इयरला ती वाइवात गप्प उभी राहायची. उत्तर तिला यायचं, मला रात्री मराठीत समजावून सांगितलेलं असायचं. आणि मी? चार जणींसमोर तिचे इंग्रजी उच्चार दुरुस्त करायचे. मला वाटायचं, मी मदत करते आहे.

तिसऱ्या दिवशी एका लहानशा बारमध्ये शिरले. काउंटरमागे एक वयस्कर गृहस्थ होते. मी ‘मोस्तो’ म्हटलं, पुढचं सगळं चुकलं. ते हसले नाहीत. त्यांनी माझं वाक्य सुधारलंही नाही. वांगं उचलून दाखवलं, सावकाश म्हणाले, “बे-रेन-हे-ना.” मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि बशी पुढे सरकवली. पुढचे साडेपाच आठवडे मी रोज तिथे गेले आणि रोज एक शब्द घेऊन बाहेर पडले.

अनुमान

१. उतार धरला की माणूस सापडतो.
२. पेय घेतलं की बशी येते, घाई करायची नाही.
३. समोरच्याला शब्द येत नाही म्हणजे त्याला काही येत नाही, असं नसतं.

तिसरं अनुमान मी परत आल्यावर रूममेटला सांगितलं, सॉरीही म्हटलं. ती म्हणाली, “सॉरी राहू दे. तू मासिकाच्या मराठी विभागात लिही, मग बघू कोण कोणाला दुरुस्त करतं ते.” या लेखातले र्‍हस्व-दीर्घ तिनेच तपासले आहेत. एकूण एकोणचाळीस चुका निघाल्या. तिने त्या चार जणींसमोर नाही, खोलीचं दार लावून दाखवल्या.