बाळ ही देणगी, की आपली निवड?



आपले मूल अधिक हुशार, अधिक सशक्त व्हावे म्हणून जन्मापूर्वीच त्याची जनुके निवडणे किंवा बदलणे हे आई-वडिलांचे नैतिक कर्तव्य आहे काय? 'होय' म्हणणारे विचारवंत आहेत. ज्याचे आयुष्य सर्वांत चांगले जाण्याची शक्यता आहे, तेच बाळ आई-वडिलांनी निवडावे, असे तत्त्वज्ञ ज्युलियन सावलेस्क्यू यांनी २००१ साली मांडले. आपण लेकरांना लस टोचतो, शिकवणी लावतो. मग जनुकांनीच काय घोडे मारले, असे कोणीही विचारील.

जनुके बदलण्याचे तंत्र आपल्या गावी पोहोचलेले नाही. परंतु जन्मापूर्वी बाळाची निवड करणे आपल्या भागाला नवे नाही. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला. १९९४ साली तो देशभरासाठी झाला. तरीही मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. ज्या मुली जन्मल्या, त्यांतील काहींचे नावच 'नकुशी' ठेवले गेले. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने अशा २०० हून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली.

गर्भपात आणि जनुकबदल या दोन गोष्टी एकच आहेत, असे आम्ही म्हणत नाही. पण हिशोब तपासून पाहू या. हुंडा आणि छळ असलेल्या समाजात मुलाचे आयुष्य मुलीपेक्षा सुखाचे जाईल, असे कोणी म्हणाले तर? 'सर्वांत चांगल्या आयुष्याच्या' हिशोबाने मुलगाच निवडणे हे कर्तव्य ठरेल! दोष हुंड्याचा, शिक्षा मात्र लेकीला. उद्या गोरा रंग, उंची, परीक्षेतील गुण यांबाबतही हेच होईल. माप जगाचे असते. त्यात न बसणारे प्रत्येक बाळ नकुशी ठरते.

मग विज्ञान नाकारावे काय? मुळीच नाही. जन्मांध माणसाला पाहून, पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारले. प्रभू येशूने दोष शोधला नाही. त्याला दृष्टी दिली (योहान, अध्याय ९). बरे करणे हे प्रेमाचेच काम आहे. सिकलसेल या रक्ताच्या आजारावर जनुकबदलाच्या उपचाराला २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, याचा आपल्याला आनंदच आहे. २००८ सालच्या 'दिग्नितास पर्सोने' या दस्तऐवजात ख्रिस्तसभेने हाच फरक स्पष्ट केला : रुग्णाच्या शरीरापुरता जनुकोपचार तत्त्वतः योग्य, परंतु निरोगी माणसाला 'वरचढ' बनवण्यासाठी जनुके बदलणे अयोग्य.

लस आणि शाळा पदरात आलेल्या लेकराची सेवा करतात. निवड मात्र पदर पसरण्यापूर्वीच अट घालते. आई-वडिलांचे कर्तव्य पहिल्या प्रकारचे आहे : आलेल्या लेकराला जपणे, औषधपाणी करणे, शिकवणे, आणि ते आपल्या अपेक्षेहून वेगळे निघाले तरी त्याला आपले म्हणणे.

घरी चर्चेसाठी :
१. आपल्या घरी मुलगी जन्मली तेव्हा पेढे वाटले का?
२. भावंडांची किंवा शेजारच्या मुलांची गुणांवरून तुलना करताना आपण कोणाला 'नकुशी' ठरवतो का?
३. आपल्या धर्मग्रामात दिव्यांग लेकरू असलेल्या कुटुंबाला आपण या आठवड्यात कोणता हातभार लावू शकतो?