फिलिपिनो प्रवासी आणि व्हिसाचं उलटं गणित



देशांच्या सीमा शिकवताना आपण नकाशावरची रेघ दाखवतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. ती रेघ ओलांडायला कुणाला काय काय लागतं, हे सांगायचं राहून जातं. सातवी-आठवीच्या मुलांना हे समजवायला फिलिपिन्सचं उदाहरण फार उपयोगी पडतं. भूगोल आणि गणित दोन्ही एकाच तासात होतात.

फिलिपिन्स म्हणजे ७,६४१ बेटं. जमिनीवरची हद्द एकाही देशाशी नाही. त्यामुळे तिथल्या माणसाला खुष्कीचा लांबचा प्रवास करायचा असला, तरी सुरुवात विमानानेच करावी लागते. समजा तो मनिलाहून सिंगापूरला उतरला. आता मुलांना नकाशावर बोट फिरवायला सांगा : सिंगापूर, मलेशिया, थायलंड, लाओस, चीन, मंगोलिया. भारतमार्गे का नाही, असं कुणीतरी विचारेलच. मधे म्यानमार आहे, आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथे यादवी चालू आहे. म्हणून बोट उत्तरेकडे वळवायचं.

पहिले चार देश सोपे. आसियानच्या सदस्य देशांनी २००६ साली क्वालालंपूरला करार केला, की एकमेकांच्या नागरिकांना थोड्या दिवसांच्या भेटीसाठी व्हिसा नको. करारात १४ दिवस आहेत, प्रत्यक्षात बरेच देश जास्त देतात. मलेशिया आणि लाओसमध्ये फिलिपिनो पर्यटकाला ३० दिवस मिळतात. (आपल्याला मात्र लाओससाठी व्हिसा लागतो. हे ऐकून मुलं चकित होतात, कारण 'मोठा देश म्हणजे भारी पासपोर्ट' असं त्यांच्या डोक्यात असतं.) मलेशिया-थायलंड हद्दीवर पाडांग बेसार स्टेशन आहे. तिथे दोन्ही देशांचे शिक्के एकाच इमारतीत मिळतात. लाओसची राजधानी व्हिएन्तियानहून चीनमधल्या कुनमिंगला २०२३ पासून थेट प्रवासी गाडी जाते. हद्दीवर बोटेन आणि मोहान अशा दोन्ही ठिकाणी सामानासकट उतरून तपासणी करून घ्यावी लागते.

खरी गाठ चीनपाशी बसते. फिलिपिनो नागरिकाला चीनचा व्हिसा आधी काढावा लागतो, आणि वाटेत कुठेतरी मिळेल या भरवशावर निघणं धोक्याचं. म्हणजे मनिलातूनच तो घेऊन निघायचं. पण एकेरी प्रवेशाच्या पर्यटक व्हिसावर साधारणपणे तीन महिन्यांत आत शिरायचं बंधन असतं. मग फळ्यावर मांडा : चीनच्या हद्दीवर २५ मे रोजी पोचायचं असेल, तर व्हिसा फार तर केव्हा काढलेला चालेल? तीन महिने मागे मोजा. २५ फेब्रुवारीच्या आधीचा असेल, तर हद्दीवर पोचेपर्यंत तो संपलेला असेल. प्रवास पुढे जातो आणि कागदांची आखणी मागे मागे येते. धड्याचा गाभा हाच आहे, इथे घाई करू नका.

दुसरा सापळा 'एकेरी' या शब्दात आहे. मंगोलियात फिलिपिनो पर्यटकाला २१ दिवस व्हिसा लागत नाही. तो आनंदाने उलानबातरला गेला आणि परतीचं विमान बीजिंगहून काढलं, तर? चीनच्या व्हिसावर दिवस शिल्लक असले, तरी बाहेर पडताच एकेरी व्हिसा संपला. चीनमध्ये पुन्हा राहायचं असेल, तर आधीच दुहेरी प्रवेश मागायला हवा होता.

मोजताना प्रवेशाचा दिवस धरून चालायचं. १० जूनला मंगोलियात शिरला, तर २१ वा दिवस ३० जून. निम्मा वर्ग १ जुलै सांगतो, कारण तो नुसती बेरीज करतो. वहीत चुकलं तर एक गुण जातो. हद्दीवर चुकलं तर दंड भरावा लागू शकतो, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात त्याचं उत्तर द्यावं लागतं.

पण अनेक फिलिपिनो प्रवाशांना सर्वांत जास्त धास्ती असते ती मनिलाच्या विमानतळावर, स्वतःच्याच देशाच्या इमिग्रेशन खिडकीची. नोकरीसाठी परदेशी जाणारे फिलिपिनो लाखोंनी आहेत, आणि पर्यटक म्हणून नेऊन पुढे राबवून घेण्याचे प्रकार होत आले आहेत. २००३ मध्ये तिथे मानवी तस्करीविरोधी कायदा झाला. म्हणून खिडकीवर परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, पैशांचा आणि नोकरीचा पुरावा विचारतात. समाधान झालं नाही, तर विमानात चढू देत नाहीत. याला तिथे 'ऑफलोड' म्हणतात. २०२३ मध्ये एक तक्रार फार गाजली : एका तरुणीकडे शाळेचं इयरबुक मागितलं गेलं आणि तिचं विमान सुटलं. खुष्कीने लांब जाणाऱ्याकडे तर परतीचं तिकीट सिंगापूरहून नसतंच! त्याने मार्ग लिहून न्यावा, पुढचे व्हिसे आणि परतीचं विमान जिथून असेल तिथलं तिकीट जवळ ठेवावं. तपासणीचा हेतू मला पटतो, पण शाळेचं इयरबुक मागणं अजिबात पटत नाही. वर्गात यावर वाद घडवून आणा. चांगला रंगतो.

कुणाला युरोपपर्यंत जायचं असेल, तर गणित आणखी मागे जातं. रशियाचा ई-व्हिसा २०२३ पासून फिलिपिनो नागरिकांना मिळतो. पण तो एकेरी असतो आणि ठरावीक नाक्यांवरच चालतो. त्यातून फिनलंडने रशियाकडची सगळी जमिनीवरची हद्द २०२३ च्या अखेरीस बंद केली. शेंगेन व्हिसा (२९ देश, प्रौढांना शुल्क ९० युरो, नाकारला तरी परत नाही) सहसा आपण राहतो त्या देशातूनच मागावा लागतो. उलानबातरला बसून मागायचा, तर तसं सबळ कारण द्यावं लागतं. अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो.

जाता जाता, जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना फिलिपिन्समध्ये १४ दिवस व्हिसा लागत नाही, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारताने फिलिपिनो पर्यटकांना ई-व्हिसा मोफत देण्याचं जाहीर केलं. असे नियम बदलत राहतात, म्हणून वर्गात सांगण्यापूर्वी त्या त्या दूतावासाचं संकेतस्थळ बघून घ्या.

घरी सोडवायला एक गणित : फिलिपिनो प्रवासी १ सप्टेंबरला शेंगेन देशांत शिरणार आहे. त्याला ९० दिवसांचा व्हिसा हवा आहे, आणि येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. अर्ज लवकरात लवकर केव्हा करता येईल आणि बाहेर पडायची शेवटची तारीख कोणती? उत्तर : १ मार्च आणि २९ नोव्हेंबर.